साहेब आले अन् हुर्यो उडाली

सभेची गर्दी आणि स्टेडियममधली गर्दी यांची जातकुळी वेगळी. सभेला माणसं आणली जातात. टेम्पो, वडापाव, पाण्याची बाटली, पुढच्या रांगांत आपलेच कार्यकर्ते, आणि टाळ्या कुठे पडायच्या तेही आधीच ठरलेलं. स्टेडियममधला माणूस मात्र पदरचे पैसे मोडून तिकीट काढतो. तो खेळ बघायला आलेला असतो, भाषण ऐकायला नाही. शिवाय पन्नास हजारांच्या गलक्यात ‘ओरडला कोण?’ हे कुणाच्या बापाला कळणार नाही, याची त्याला खात्री असते. अशा माणसासमोर एखाद्या पुढाऱ्याला उभं करा, की झालीच गंमत सुरू.

ही गंमत दोन हजार वर्षं जुनी आहे. तेवढ्याच जुन्या आहेत त्यातून निसटण्याच्या पुढाऱ्यांच्या युक्त्या. त्या बहुतेक फसतात, हा भाग जास्त मजेदार.

टपाल घरी वाचा

सिसेरो हा रोमचा नामांकित वकील आणि मुरलेला राजकारणी. जनतेचं खरं मत तीन ठिकाणी कळतं, असं त्याने एका खटल्यात सांगून ठेवलं होतं: सभेत, निवडणुकीत आणि खेळ-तमाशांच्या ठिकाणी. ज्युलिअस सीझरला यातलं तिसरं ठिकाण नीट जमलं नाही. आखाड्यात खेळ रंगात आलेले असताना हा आपल्या आसनावर बसून पत्रं वाचायचा, अर्जांना उत्तरं लिहायचा. लोक चिडायचे. आम्ही इथे जीव तोडून ओरडतोय आणि साहेब टपाल बघतायत! (आजचे साहेब मोबाइल बघतात.) त्याच्या मागून आलेल्या ऑगस्टसने धडा घेतला. तो खेळाला आला की पूर्ण लक्ष खेळाकडे. येणं जमलं नाही तर चक्क दिलगिरी कळवायचा.

कॅलिग्युलाची तऱ्हा न्यारी. रथांच्या शर्यतीत तो हिरव्या संघाचा कट्टर पाठीराखा होता, इतका की संघाच्या तबेल्यातच जेवायचा आणि मुक्काम ठोकायचा. एकदा लोकांनी त्याच्या विरोधातल्या संघाला डोक्यावर घेतलं, तेव्हा भडकून तो म्हणाला, की या सगळ्या रोमन जनतेला मिळून एकच मान असती तर बरं झालं असतं. मतदारांविषयी इतक्या मोकळेपणाने बोलणारा सत्ताधारी नंतर झाला नसावा. निदान माइक चालू असताना तरी नाही.

बाविसाव्या शर्यतीनंतर

हुर्योच्या इतिहासातलं सर्वांत भीषण प्रकरण इ.स. ५३२ च्या जानेवारीतलं. स्थळ कॉन्स्टँटिनोपलचं हिप्पोड्रोम, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधला सुलतानअहमत चौक. शहराचे दोन तट होते, निळे आणि हिरवे. दोघांचं एकमेकांशी हाडवैर. सम्राट जस्टिनियन निळ्यांकडे झुकलेला. सम्राटाची बसायची जागा थेट राजवाड्याला जोडलेली होती, आणि सामान्य माणसाला सम्राटाला तोंडावर काही सुनवायचं असेल तर तेवढी एकच जागा होती. तक्रार निवारण केंद्र म्हणा हवं तर, फक्त घोड्यांसकट.

झालं असं, की दंगलीतल्या काही आरोपींना फाशी देताना फाशीचा सांगाडाच मोडला आणि दोघे वाचले. एक निळा, एक हिरवा. दोन्ही तटांनी त्यांच्यासाठी माफी मागितली. सम्राट गप्प. शर्यतींच्या दिवशी सकाळपासून आरडाओरडा चालू होता, आणि बाविसाव्या शर्यतीच्या सुमाराला चमत्कार झाला. निळे आणि हिरवे एकत्र ओरडू लागले. ‘निका!’ म्हणजे ‘जिंक!’. ही आरोळी एरवी रथ हाकणाऱ्यासाठी असायची. त्या दिवशी ती दोन शत्रूंच्या युतीची घोषणा ठरली. युती कशी करावी हे जस्टिनियननेच नकळत शिकवलं म्हणायचं: दोघांनाही सारखंच दुखवायचं.

शहर पेटलं. काही दिवसांनी जस्टिनियन हातात बायबलची शुभवर्तमानं घेऊन त्याच हिप्पोड्रोममध्ये लोकांपुढे आला आणि शपथेवर माफी जाहीर केली. लोकांनी त्याला शिव्या घातल्या आणि हिपेशियस नावाच्या एका सरदाराला तिथेच सम्राट करून टाकलं. मुकुट हाताशी नव्हता, म्हणून गळ्यातली सोन्याची साखळी डोक्यावर बांधली! जस्टिनियन जहाजाने पळून जायच्या बेतात होता. थांबवलं ते सम्राज्ञी थिओडोराने. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पळायचं असेल तर खुशाल पळा, मी राजवस्त्रातच मरेन. ही बाई अस्वल सांभाळणाऱ्याची मुलगी, त्याच हिप्पोड्रोमच्या दुनियेत वाढलेली. गर्दीला कसं हाताळायचं हे तिच्या नवऱ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असणार.

मग निळ्यांच्या म्होरक्यांना सोनं वाटलं गेलं, ते हळूच बाहेर पडले, आणि सेनापती बेलिसेरियसचं सैन्य आत शिरलं. प्रोकोपियस या इतिहासकाराच्या मते सुमारे ३०,००० माणसं त्या मैदानात मारली गेली. जळालेल्या चर्चच्या जागी जस्टिनियनने पाच वर्षांत नवं उभारलं, ते हागिया सोफिया. इस्तंबूलला सहलीला गेलेले आपले लोक घुमटाचे फोटो भरपूर काढतात, पण त्याची पायाभरणी एका बिघडलेल्या शर्यतीतून झाली हे गाइड सांगतोच असं नाही.

फिलाडेल्फिया: इथे सांताक्लॉजलाही माफी नाही

आता थेट अमेरिकेत. हुर्यो उडवण्यात फिलाडेल्फिया या शहराचं घराणंच वेगळं. सन १९३१, महामंदी ऐन भरात, वर दारूबंदी. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा सामना बघायला शाइब पार्कवर आले. सामना चालू असतानाच एका सिनेटरच्या निधनाची बातमी आली आणि हूव्हर निघाले. ‘राष्ट्राध्यक्ष जात आहेत, कृपया जागेवर बसून राहा’ अशी घोषणा झाली. लोक बसले, पण तोंडं कोण बंद करणार? आधी हुर्यो आणि मग एका सुरात मागणी: बीअर हवी! बीअर हवी! नोकऱ्या गेल्या, बँका बुडाल्या, ते एक वेळ चालेल. पण बेसबॉल कोरडाच बघायचा? पुढच्याच वर्षी हूव्हर निवडणूक हरले आणि १९३३ मध्ये दारूबंदी उठली.

याच गावाने डिसेंबर १९६८ मध्ये सांताक्लॉजची हुर्यो उडवली. ईगल्स हा त्यांचा फुटबॉल संघ त्या मोसमात सपाटून मार खात होता, बर्फ पडत होता, आणि मध्यंतरात ठरलेला सांता आलाच नाही. म्हणून प्रेक्षकांतल्याच एका सांताचा पोशाख घातलेल्या तरुणाला मैदानात उतरवलं. त्याच्यावर बर्फाच्या गोळ्यांचा वर्षाव झाला. बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर लाल टोपी.

हे सगळं ठाऊक असल्यामुळे २००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी नामी युक्ती काढली. फ्लायर्स या आइस हॉकी संघाच्या मोसमातल्या पहिल्या सामन्यात त्यांना मानाची चकती टाकायची होती. आपण धाकट्या मुलीला फ्लायर्सची जर्सी घालून सोबत नेऊ, मग कोण हुर्यो उडवतो बघू, असं त्यांनी आधीच गमतीत जाहीर केलं होतं. मुलगी आली, जर्सीही आली. हुर्यो उडालीच. सांताला न सोडणारे लोक जर्सीला भुलतात होय!

चेंडूचा टप्पा पडला तर मेलात

अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने बेसबॉलच्या मोसमाचा पहिला चेंडू टाकायची प्रथा विल्यम टाफ्ट यांनी १९१० मध्ये सुरू केली. त्यांना कल्पना नसेल, पण मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी त्यांनी एक तोंडी परीक्षा लावून ठेवली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यानंतर सात आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर २००१ ला, धाकटे बुश यँकी स्टेडियमवर चेंडू टाकायला आले. अंगात बुलेटप्रूफ जाकीट. अतिरेक्यांची भीती होतीच, पण यँकीजचा खेळाडू डेरेक जीटरने त्यांना वेगळीच धास्ती घातली: चेंडूचा टप्पा पडू देऊ नका, लोक हुर्यो उडवतील. देश शोकात आहे वगैरे सगळं खरं, पण टप्पा म्हणजे टप्पा! बुशनी चेंडू सरळ टाकला आणि स्टेडियम दणाणलं. त्याच बुशना २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या नव्या मैदानावर मात्र भरपूर हुर्यो मिळाली. मधल्या काळात इराक झालं होतं. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २००६ मध्ये दोन्ही साधलं: टप्पाही पडला आणि हुर्योही उडाली.

२७ ऑक्टोबर २०१९ ला डोनाल्ड ट्रम्प वर्ल्ड सीरिजला गेले. त्याच सकाळी आयसिसचा म्होरक्या बगदादी मारला गेल्याची घोषणा त्यांनी केली होती, म्हणजे स्वागत व्हायला हरकत नव्हती. पडद्यावर सैनिकांचे चेहरे झळकत होते, टाळ्या चालू होत्या. मग ट्रम्प यांचा चेहरा आला आणि टाळ्यांची हुर्यो झाली. वर ‘याला आत टाका!’ हा घोष. ही त्यांच्याच सभांमध्ये हिलरी क्लिंटन यांच्यासाठी गाजलेली घोषणा, सर्वनाम तेवढं बदललं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ते यूएस ओपन टेनिसच्या अंतिम सामन्याला येणार म्हटल्यावर आयोजकांनी शहाणपणा केला. प्रेक्षकांची उलटसुलट प्रतिक्रिया पडद्यावर दाखवू नका, अशी विनंती त्यांनी प्रक्षेपण करणाऱ्यांना आधीच केली. ती विनंती फुटली आणि बातमी झाली. मग सुरक्षा तपासणीच्या रांगांमुळे सामना अर्ध्या तासाहून जास्त लांबला. अल्काराझ आणि सिन्नर आत थांबलेले, तिकीटवाले बाहेर रांगेत. त्यानंतर पडद्यावर साहेब. टाळ्याही होत्या, नाही असं नाही.

रेड कार्ड, दोनदा

फुटबॉलच्या प्रेक्षकाकडे तोंडाशिवाय आणखी एक हत्यार असतं. १४ मे १९८८, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, सेल्टिक विरुद्ध डंडी युनायटेड असा स्कॉटिश कपचा अंतिम सामना. प्रमुख पाहुण्या मार्गारेट थॅचर. स्कॉटलंडमध्ये त्यांच्याविषयी आणि त्यांच्या ‘पोल टॅक्स’ या दरडोई कराविषयी काय भावना होती, ते सांगायला स्टँडमध्ये हजारो रेड कार्डं फडकली. पंतप्रधान बाईंना मैदानाबाहेर!

पस्तीस वर्षांनी फ्रान्सने हाच प्रयोग केला, आणि फ्रेंचांच्या खाक्याला जागून त्यात राज्यघटना घातली. माक्राँ सरकारने निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं आणि ते संसदेत मतदानाला न टाकता घटनेच्या कलम ४९.३ खाली रेटून नेलं. एप्रिल २०२३ मध्ये फ्रेंच कपचा अंतिम सामना होता. कामगार संघटनांनी शिट्ट्या आणि रेड कार्डं वाटायचं ठरवलं. ती दाखवायची कधी? एकोणपन्नासाव्या मिनिटाला! घटनेचं कलम घड्याळावर मोजणारं आंदोलन मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. माक्राँ यांनी खेळाडूंशी हस्तांदोलन मैदानावर न करता आतल्या आतच उरकलं. पण सप्टेंबरमध्ये रग्बी वर्ल्डकपच्या उद्घाटनाला माइकपुढे उभं राहणं भाग होतं. तिथे राहिलेली थकबाकी वसूल झाली.

माराकाना

ब्राझीलचे नाटककार आणि फुटबॉलचे स्तंभलेखक नेल्सन रॉड्रिगेस म्हणायचे, की माराकाना स्टेडियमवर लोक श्रद्धांजलीच्या मौनाचीसुद्धा हुर्यो उडवतात. (या स्टेडियमला अधिकृत नाव आहे ते त्यांच्याच पत्रकार भावाचं, मारिओ फिल्यो यांचं. ते नाव कुणी घेत नाही.) त्यामुळे जुलै २००७ मध्ये तिथे पॅन अमेरिकन स्पर्धेच्या उद्घाटनाला अध्यक्ष लुला आले तेव्हा जे झालं ते घराण्याच्या रीतीला धरूनच होतं. लुला म्हणजे तेव्हाचे अत्यंत लोकप्रिय नेते, आदल्याच वर्षी पुन्हा निवडून आलेले. नाव घेतलं की हुर्यो, पडद्यावर दिसले की हुर्यो. शेवटी स्पर्धा सुरू झाल्याची घोषणा त्यांच्याऐवजी संयोजन समितीच्या अध्यक्षांनीच करून टाकली.

डिल्मा रूसेफ यांची गोष्ट आणखी रंगतदार. जून २०१३, ब्राझिलिया, कॉन्फेडरेशन्स कपचं उद्घाटन. बसभाडं वाढल्यावरून देशात आंदोलन पेटत होतं आणि स्टेडियमांवर मात्र पाण्यासारखा पैसा ओतला जात होता. डिल्मांचं नाव येताच हुर्यो सुरू झाली. शेजारी फिफाचे सेप ब्लाटर. त्यांना वाटलं आपण लोकांना समजावू. आदर कुठे गेला, खिलाडूवृत्ती कुठे गेली, असं त्यांनी माइकवरून सुनावलं. ब्लाटर यांनी खिलाडूवृत्ती शिकवायची! आवाज दुप्पट झाला. पुढच्या वर्षी वर्ल्डकपच्या उद्घाटनाला डिल्मांनी भाषणच ठेवलं नाही. लोकांनी भाषणाची वाट बघितली नाही, थेट शिव्या सुरू केल्या.

आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला हंगामी अध्यक्ष मिशेल टेमेर यांनी कळस केला. उद्घाटनात त्यांच्या नावाची घोषणाच झाली नाही. परंपरेप्रमाणे स्पर्धा खुली झाल्याचं एक वाक्य ते घाईघाईने म्हणाले आणि बसले. तेवढ्या काही सेकंदांत माराकानाने आपलं काम चोख बजावलं. समारोपाला टेमेर आलेच नाहीत. पळवाट अखेर सापडली म्हणायची.

पुण्याचे खासदार, दिल्लीचं मैदान

आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण ३ ऑक्टोबर २०१० चं. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेचं उद्घाटन, नेहरू स्टेडियम खच्चून भरलेलं. संयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी बोलायला उभे राहिले. पुण्याला हे गृहस्थ मॅरेथॉन आणि पुणे फेस्टिव्हल देणारे म्हणून परिचयाचे. देशाला मात्र तोवर ते गळकी क्रीडानगरी, कोसळलेला पादचारी पूल आणि फुगलेली बिलं यांचा चेहरा म्हणून ठाऊक झाले होते. भाषण हुर्योत वाहून गेलं. त्या गडबडीत त्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचे आभार मानताना नाव घेतलं ‘अबुल कलाम आझाद’. मौलाना जाऊन तेव्हा बावन्न वर्षं झाली होती. पुढे कलमाडींना अटक झाली, तुरुंगवास झाला; आणि २०२५ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणातला ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला. हुर्योला अपील नसतं.

लंडनच्या २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांना पदकं द्यायला बोलावलं. अपंगांच्या भत्त्यांना कात्री लावणारा माणूस अपंग खेळाडूंच्या गळ्यात पदक घालणार, ही कल्पना कुणाला सुचली देव जाणे. ८०,००० प्रेक्षकांनी उत्तर दिलं आणि ऑस्बोर्न ओशाळवाणं हसत राहिले. मेक्सिकोत १९८६ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या उद्घाटनाला अध्यक्ष दे ला माद्रिद यांचं भाषण शिट्ट्यांत बुडालं. आदल्या वर्षीच्या भूकंपात सरकार कुठे होतं, हा लोकांचा सवाल होता. इस्तंबूलमध्ये जानेवारी २०११ ला गलातासराय क्लबच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला एर्दोगान आले. स्टेडियम सरकारी गृहनिर्माण संस्थेने बांधून दिलेलं, तरी हुर्यो. साहेब रागारागाने निघून गेले.

धक्का आणि गराडा

कधी हुर्यो उडवणारे प्रेक्षक नसतातच. ५ नोव्हेंबर २००६, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. ऑस्ट्रेलियाने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली होती आणि करंडक देणारे होते क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष शरद पवार. रिकी पाँटिंगने मागून खांद्यावर टिचकी मारून ‘द्या लवकर’ अशी खूण केली. करंडक हाती आल्यावर फोटोच्या आड येणाऱ्या पवारांना डॅमियन मार्टिनने पाठीला हात लावून व्यासपीठावरून बाजूला सारलं. महाराष्ट्रात ज्यांना हात लावायची छाती भल्याभल्यांची झाली नाही, त्यांना! गल्लीपासून दिल्लीपर्यंत निषेध झाले. पाँटिंगने माफी मागितली आणि पवारांनी विषय मिटवला.

याच्या उलट १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्यात घडलं. तिथे व्यासपीठावरून कुणी हललंच नाही. मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला आणि त्याच्याभोवती मंत्री, पुढारी, बडी मंडळी आणि त्यांचे मोबाइल यांचं असं कडं पडलं, की हजारो रुपये मोजून आलेल्यांना मेस्सीचा केसही दिसेना. तो वीसेक मिनिटांत निघून गेला. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या उडाल्या. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी माफी मागितली आणि क्रीडामंत्र्यांना पद सोडावं लागलं. फुकट पासवाल्यांकडून तिकीटवाल्यांच्या पुढे उभं राहण्याची एवढी किंमत क्वचितच वसूल झाली असेल.

टाळ्या मिळवणारेही असतात. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान बॉब हॉक म्हातारपणी सिडनीच्या कसोटीला यायचे, कुणीतरी बीअरचा ग्लास पुढे करायचं, आणि हे एका दमात रिकामा करायचे. अख्खं स्टेडियम खूश. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी बीअर पिण्याचा विक्रम केला होता, आणि आपल्याला सर्वांत जास्त मतं त्या विक्रमाने मिळवून दिली असावीत, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मॉस्कोचं घूमजाव

राहिला व्लादिमिर पुतिन यांचा किस्सा. २० नोव्हेंबर २०११, मॉस्कोचं ऑलिम्पिस्की संकुल. रशियाचा लाडका फ्योदोर येमेल्यानेन्को आणि अमेरिकेचा जेफ मॉन्सन यांची मिश्र मार्शल आर्ट्सची लढत. फ्योदोर जिंकला. पंतप्रधान पुतिन अभिनंदनाला रिंगमध्ये चढले. आपण पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहणार, हे त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं. ज्युदोचा काळा पट्टा असलेला नेता, कुस्ती-मारामारीचा शौकीन प्रेक्षक, जिंकलेला रशियन पैलवान. याहून घरचं मैदान कुठलं असणार? पण माइक हातात घेताच शिट्ट्या आणि हुर्यो.

सरकारी वाहिनीच्या बातम्यांत ती ऐकूच आली नाही, कापली होती. इंटरनेटवर मात्र मूळ चित्रफीत फिरत होती. मग पुतिन यांच्या प्रवक्त्यांनी खुलासा केला, की हुर्यो साहेबांची नव्हतीच, ती हरलेल्या मॉन्सनची होती. यावर रशियन चाहत्यांनी थेट मॉन्सनच्या फेसबुकवर गर्दी केली: बाबा रे, तू छान लढलास, हुर्यो तुझी नव्हती, गैरसमज करून घेऊ नकोस!

मॉन्सनने गैरसमज करून घेतला नाही. २०१८ मध्ये त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं, ते पुतिन यांच्याच सहीने. त्याच वर्षी मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क शहरात तो निवडणुकीला उभा राहिला आणि नगरसेवक झाला.